कुजायलाही हवा लागते

इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये ऑक्सबर्ग हॉल नावाचा पंधराव्या शतकातला वाडा आहे. २०२० मध्ये त्याच्या छपराची दुरुस्ती चालू असताना माळ्यावरच्या फळ्या उचलल्या, तर खाली उंदरांची जुनी घरटी निघाली. उंदरांनी ओढून नेलेल्या त्या चिंध्यांमध्ये ट्यूडर राजघराण्याच्या काळातलं, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातलं रेशीम होतं, मखमल होती. तिथेच पंधराव्या शतकातल्या एका सचित्र हस्तलिखिताचा तुकडाही मिळाला. बातमी वाचली, पण माझी नजर खिळली ती वाड्याच्या फोटोवर. चारही बाजूंनी पाणी! माळ्यावरचं कापड टिकलं ते कोरडं राहिलं म्हणून, आणि खाली खंदकाच्या चिखलात वस्तू टिकतात त्या ओल्या राहतात म्हणून. ही दुसरी गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते.

खंदक म्हटलं की आपल्याला अहिल्यानगरचा किंवा परांड्याचा भुईकोट आठवतो. इंग्लंडमधले सगळे खंदक तसे नव्हेत. तिथे खंदक असलेल्या मध्ययुगीन वाड्यांच्या सुमारे ६,००० जागा माहीत आहेत आणि त्यातल्या बहुतेक १२५० ते १३५० या काळातल्या. त्या खोदणारे होते गावचे जमीनदार, मठ, काही सधन शेतकरी. फौज अडवण्याइतकं बळ या खंदकांत नव्हतं. चोर आणि मोकाट गुरं बाहेर राहायची, मासे पाळता यायचे, चिकणमातीच्या जमिनीत घराभोवतीचं पाणी निघून जायचं आणि मुख्य म्हणजे चारचौघांत मान वाढायचा.

आता चिखलाकडे येऊ. शेताच्या कुंपणाचा लाकडी खांब कुठे कुजतो, आठवून पाहा. वरचा भाग धड असतो, खोल रुतलेलं टोकही बरंच शाबूत असतं. कुजतो तो जमिनीलगतचा भाग, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच भेटतात. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडून खाणं हे मुख्यतः बुरशीचं काम, आणि त्यासाठी बुरशीला ऑक्सिजन लागतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर एक लिटर पाण्यात जेमतेम सहा-सात. शिवाय साचलेल्या पाण्यात तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. खंदकात पानं, शेण, खरकटं पडतं. जिवाणू ते खाताना होता-नव्हता तो ऑक्सिजन संपवतात. मग ऑक्सिजनच्या जागी ते नायट्रेटवर जगतात, पुढे मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडवर, आणि तेही सरलं की सल्फेटवर. सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनतो. गाळ उपसताना येणारा सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. तो लोहाशी जुळला की लोह सल्फाइड होतं आणि चिखल काळा पडतो. हाडांमधलं फॉस्फेट आणि विरघळलेलं लोह यांची गाठ पडली, तर व्हिव्हिअनाइट नावाचं खनिज तयार होतं. गाळात ते पांढुरकं दिसतं, पण उघडं पडलं की निळं होत जातं. कुदळीखाली तो निळा रंग उमटला की समजावं, या थराला हवा लागलेली नव्हती.

अशा थरात चामड्याचे जोडे, लाकडी वाडगे, फळांच्या बिया, परागकण शेकडो वर्षं राहतात. ओकच्या तुळईवर सालीपर्यंतची वलयं शिल्लक असतील, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही सांगता येतं.

पाण्याच्या टाकीत जांभळाचं लाकूड टाका, ते शतकानुशतकं कुजत नाही आणि पाणीही शुद्ध करतं, असा निरोप व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. विहिरीच्या तळाशी लाकूड टिकतं हे खरं आहे, पण त्यामागचं मोठं कारण हवा न लागणं हेच. ओक, एल्म, पाइन अशी कितीतरी लाकडं गाळात टिकलेली आहेत. पाणी शुद्ध करायचं तर ते उकळावं.

खंदकाच्या नोंदवहीतली सुरुवातीची पानं मात्र बहुधा फाटलेली असतात. वाडा नांदता असेपर्यंत गाळ उपसला जायचा आणि खत म्हणून शेतात जायचा. त्यामुळे हाती लागतो तो बऱ्याचदा शेवटच्या, ओस पडत चाललेल्या काळातला कचरा.

वर काढलेलं लाकूडही फसवं असतं. ते अखंड दिसतं, पण हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी आतला बराच सेल्युलोज, म्हणजे पेशींच्या भिंतींतला तंतुमय भाग, हळूहळू खाल्लेला असतो. लिग्निनचा सांगाडा उभा असतो तो पेशींत भरलेल्या पाण्याच्या आधारावर. उन्हात ठेवलं तर पाणी आटताना त्याच्या पृष्ठताणाने पेशींच्या भिंती आत ओढल्या जातात आणि लाकूड आक्रसून तडकतं. म्हणून ते पाण्यातच ठेवतात आणि पाण्याची जागा हळूहळू पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाला देतात. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोज जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्याच्यावर १९९४ पासून २०१३ पर्यंत याच पदार्थाचे फवारे चालू होते.

म्हणूनच खंदकांना भीती आहे ती शेताचा निचरा सुधारायला खणलेल्या चरांची. पाण्याची पातळी थोडी खाली गेली की गाळाला भेगा पडतात, भेगांतून हवा शिरते, आणि सातशे वर्षं थांबलेली बुरशी कामाला लागते. वरून पाहणाऱ्याला तिथे फक्त गवताने भरलेला एक खळगा दिसतो.