तोरणमाळचा मुक्काम आणि ‘निवास’ या शब्दाचा घोळ

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सात पायऱ्यांचा घाट चढला की तोरणमाळ हे सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण येतं. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाची यात्रा यांची ओळख खान्देशातल्या वाचकाला करून द्यायची गरज नाही. पंचाईत होते ती दिवस कलल्यावर. राहायचं कुठे? खोल्या मोजक्या, त्या भरल्या की गाडी फिरवून पुन्हा शहादा गाठायचं. गेल्या काही वर्षांत तंबू आणि लाकडी केबिनची भाषा सुरू झाली, तशी ‘तोरणमाळचं महाबळेश्वर का झालं नाही’ ही जुनी हळहळही नव्याने ऐकू येऊ लागली. रस्ता वाईट, वीज जाते, रेंज नाही, पुढाऱ्यांना पडलेली नाही, अशी कारणं सांगितली जातात. ती खोटी नाहीत. पण मुख्य कारण जमिनीच्या कागदात आहे, आणि ते सगळंच वाईट आहे असं मला वाटत नाही.

डोंगरातला मुक्काम आपल्याकडे नवा नाही. चाळीसगावच्या डोक्यावर, कन्नडच्या हद्दीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या भिक्खूंच्या खोल्या इसवी सनाच्याही आधीच्या. मधली दोन हजार वर्षं सोडून देऊ. आजच्या व्यवस्थेला वळण लावलं ते साहेबाच्या तंबूने. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभारायला घेतली. पुढे दरवर्षी पावसाळा सरला की कलेक्टर, जंगलसाहेब राहुट्या-कनाती घेऊन फिरतीवर निघू लागले. ‘कॅम्प’ हा शब्द खेड्यात शिरला तो असा. सामान वाहायला माणसं वेठीला धरायची, दूध-कोंबडी-सरपण गावाने पुरवायचं. तंबू म्हटलं की शहरातल्या माणसाला शेकोटी आठवते. गावाच्या लेखी साहेबाचा कॅम्प म्हणजे डोक्यावरचं ओझं, अगदी शब्दशः.

तंबूनंतर बंगला आला. रावेर-यावलच्या डोंगरातली पाल, लंगडा आंबा इथली वनविश्रामगृहं याच वळणाची. अशा बंगल्याचा साचा ठरलेला: उंच जोतं, रुंद व्हरांडा, लांब हातांची आरामखुर्ची, मागे वेगळं स्वयंपाकघर आणि खानसाम्याची खोली. दाराशी नोंदवही. त्या वहीचे रकाने बघण्यासारखे असतात: नाव, हुद्दा, येण्याचं प्रयोजन. एका ठिकाणी मी हुद्द्याखाली ‘शेतकरी’ आणि प्रयोजनाखाली ‘झोप’ असं लिहिलं होतं. चौकीदाराने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, बोलला काही नाही. सरकारी कामावर कोणी आलं तर खोली सोडावी लागेल, ही अट मात्र त्याने दोनदा ऐकवली. विश्रामगृहात विश्रांती कोणाची धरली आहे, हे तेव्हा नीट कळलं.

यावल अभयारण्य १९६९ मधलं, साधारण १७७ चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायदा आला तो त्यानंतर तीन वर्षांनी. मग १९८० च्या वन संवर्धन कायद्याने जंगलजमिनीचा ‘वनेतर वापर’ केंद्राच्या मंजुरीशिवाय बंद केला. त्यातून वगळलेली कामं कोणती? चौक्या, जाळरेषा म्हणजे वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे, बिनतारी यंत्रणा, कुंपण, पूल, मोऱ्या, पाणवठे. पर्यटकाच्या खोलीचं नाव त्या यादीत नव्हतं. जुन्या बंगल्याला चुना लावता येत होता, शेजारी नवा उभा करणं अवघड झालं.

जंगलाबाहेरच्या जमिनीचं काय? तिथे १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत घातलेलं कलम ३६-अ आडवं येतं, किंवा उभं राहतं म्हणा, तुम्ही कोणाच्या बाजूने बघता त्यावर. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. त्याहून जास्त मुदत किंवा थेट विक्री असेल तर राज्य सरकारची पूर्वमान्यताही लागते. तोरणमाळ ज्यात येतं तो अक्राणी तालुका म्हणजे बहुतेक पावरा आणि भिल्ल या आदिवासींची वस्ती. आता हिशेब करून बघा. पाच वर्षांच्या पट्ट्यावर पाया खोदून, पाण्याची टाकी बांधून, सागवानी केबिन कोण उभारेल? तंबू ठीक; मुदत संपली की गुंडाळून टेम्पोत टाकता येतो. डोंगरात तंबूचं जे वेड दिसतं त्यात निसर्गप्रेमाइतकाच या पाच वर्षांचा वाटा आहे, असं माझं मत. हॉटेलवाल्यांना हे कलम जाचक वाटतं. पण सपाटीवरच्या किती आदिवासी जमिनी सावकाराच्या वहीतून गेल्या, हे शहादा-तळोद्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

खरा गुंता मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरचा, आणि तो एका शब्दाचा आहे.

‘निवास’ हा शब्द आपण कुठे कुठे वापरतो पाहा. देवस्थानाला भक्तनिवास असतं. पर्यटन महामंडळाचं पर्यटक निवास. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या तर ती योजना ‘निवास व न्याहारी’. आणि वनहक्क कायद्याने जंगलजमिनीवरच्या हक्काचा कागद, म्हणजे वनपट्टा, मिळतो तोही निवासासाठी, किंवा उपजीविकेपुरती जमीन स्वतः कसण्यासाठी. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा, जास्तीत जास्त चार हेक्टर, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. वारसांना मिळतो, विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. इंग्रजीत मालकाच्या राहण्याला एक शब्द आहे आणि पाहुण्याच्या राहण्याला दुसरा. मराठीत आलो की दोघंही एकाच ‘निवासा’त येऊन झोपतात.

समजा एका पावरा कुटुंबाकडे असा पट्टा आहे. कुडाच्या भिंतींचं, कौलांचं घर. त्यांनी शेजारी तशीच एक खोली उभी केली: बांबूची तट्टी, वर शेणामातीचा लेप, आत दोन खाटा, खुंटीला कंदील. शनिवारी जळगावचं एखादं कुटुंब येऊन राहिलं, रात्री दादर ज्वारीच्या भाकरी आणि उडदाची डाळ जेवलं, सकाळी पैसे देऊन, आमचूर विकत घेऊन गेलं. हा निवास की धंदा? एक बाजू म्हणते, पट्टा राहण्याला आणि कसण्याला दिलाय, लॉज चालवायला नाही. आज एक खोली, उद्या दहा, परवा पुण्याचा मालक. दुसरी बाजू म्हणते, कायद्यातच उपजीविका हा शब्द आहे; महिनाभर पाहुणचार करून मिळालेले पैसे उपजीविका नाहीत तर काय आहेत? आणि ‘निवास व न्याहारी’ची मूळ कल्पनाच घरमालक त्याच घरात राहतो अशी असेल, तर पट्टाधारकाइतका अस्सल घरमालक कुठून आणणार?

मला दुसरी बाजू पटते, पण पहिलीची भीती पोकळ नाही. कागदावर पट्टा आदिवासीचा, केबिन बाहेरच्याची, मधे स्टॅम्पपेपरवरची भागीदारी, ही वाट फार सोपी आहे. घरमालक मग स्वतःच्याच रानात चौकीदार होतो. ग्रामसभेला यात बोलता यावं म्हणून आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा आहे, १९९६ चा. राज्याने त्याचे नियम केले २०१४ मध्ये. अठरा वर्षांनी. त्यावर वेगळं काही लिहायला नको.

ऐटीतला तंबू खान्देशात गाजला तो डोंगरात नव्हे, तापीकाठी. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजाराला महोत्सवाचं रूप दिलं तेव्हा गाद्या-पलंगांची तंबूनगरी उभी राहिली. घोड्यांचे व्यापारी पूर्वीसारखेच आपल्या जनावरांशेजारी झोपत, आणि पलीकडे कनातीत पाहुणे. बाहेरच्या कंपनीशी केलेला तो करार राज्य सरकारने २०१९ मध्ये आर्थिक अनियमिततेचं कारण देऊन रद्द केला. यात्रा होतेच, ती काही करारावर चालत नव्हती. पण तंबूंचा व्यवसाय जमतो, हे त्यातून आसपासच्या अनेकांच्या लक्षात आलं.

त्यानंतर धोरणांची रीघ लागली. २०२० मध्ये कृषी पर्यटन, २०२१ मध्ये साहसी पर्यटन, त्याच वर्षी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली. चाकं असली की बांधकाम नाही, हा युक्तिवाद ऐकायला छान वाटतो. सात पायऱ्यांच्या वळणावर एवढं लांब धूड वर चढवणाऱ्या ड्रायव्हरला मात्र आधी नमस्कार करावा लागेल.

सगळ्यात मोठा बदल २०२३ चा. वन संवर्धन कायदा दुरुस्त झाला आणि निसर्ग पर्यटनाच्या सुविधा ‘वनेतर वापरा’तून बाहेर काढल्या गेल्या, मात्र त्या वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलातल्या कामांच्या आराखड्यात, किंवा वन्यजीव आराखड्यात असल्या तर. ‘वन’ कशाला म्हणायचं यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने १९९६ पासूनची व्यापक व्याख्या तूर्त कायम ठेवली. म्हणजे आराखड्यात नोंद असलेली केबिन आता जंगलाच्या कामात धरली जाऊ शकते. खालच्या पाड्यावरची, दोन खाटांची, शेणामातीने लिंपलेली खोली आहे तिथेच आहे: घर म्हणावं की लॉज, यावर अडलेली.