व्होल्टचा गुन्हा, वॅटच्या माथी

“चौदाव्या पिढीचा आय९ घेऊ नकोस, अडीचशे वॅट खातो आणि स्वतःच्याच उष्णतेनं मरतो.” नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायला निघालेल्याला असं सांगणारा एक तरी मित्र भेटतोच. यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. दुसऱ्यात मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आहे.

आधी प्रकरण काय ते पाहू: इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर झिजून गणितं चुकवायला लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलनं तेराव्या पिढीचा कोअर आय९-१३९००के हा प्रोसेसर बाजारात आणला. कोअर (म्हणजे आतली गणितं करणारी केंद्रं) २४, कमाल वेग ५.८ गिगाहर्ट्झ, कमाल टर्बो पॉवर, म्हणजे पूर्ण जोरात असतानाची वीज, २५३ वॅट. वर्षभरानं चौदाव्या पिढीचा १४९००के आला: कोअर तितकेच, कॅशे (चिपमधली जलद मेमरी) तितकीच, वॅटचा आकडाही तोच, वेग तेवढा ६ गिगाहर्ट्झ. म्हणजे वाढ साडेतीन टक्क्यांच्याही आत. मार्च २०२४ मध्ये त्याच घराण्यातला १४९००केएस ६.२ वर पोचला. याला ‘रिफ्रेश’ म्हणतात. (त्याच पिढीतल्या १४७००केला चार छोटे कोअर जास्त मिळाले, हे न्यायाला धरून सांगायला हवं.)

हे जादाचे २०० मेगाहर्ट्झ येतात कुठून? ६ गिगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका १६७ पिकोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटिमीटर जातो. या अवधीत संदेशाला ट्रान्झिस्टरांच्या एका पूर्ण साखळीतून जाऊन पुढचा ठोका पडायच्या आत स्थिर व्हावं लागतं. ट्रान्झिस्टर लवकर चालू-बंद करायचे तर व्होल्टेज वाढवायचं, हाच उपाय हाताशी असतो. पण लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, साडेतीन टक्के वेगासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावं लागलं, तर वीज सुमारे २५ टक्के जास्त लागेल. वेगाच्या टोकाला असलाच महाग सौदा करावा लागतो.

कारखान्यात प्रत्येक चिप तपासून कोणत्या वेगाला किती व्होल्ट हवेत याचा तक्ता तिच्यातच भरून ठेवतात. नेमके लागतात त्याहून थोडे जास्तच, कारण सिलिकॉन म्हातारं होतं. हे राखीव व्होल्टेज म्हणजे चिपच्या पुढच्या दहा वर्षांची शिदोरी. माझ्या मते रिफ्रेशच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा पुष्कळदा या शिदोरीतूनच काढलेला असतो.

तक्रारी सुरू झाल्या त्या गेम खेळणाऱ्यांकडून. अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवरचे गेम सुरू होतानाच बंद पडत आणि पडद्यावर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई. लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. दाबून ठेवलेली माहिती उलगडणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या रॅड गेम टूल्सनं दोष प्रोसेसरकडे असल्याचं सांगितलं. त्यांना ते आधी दिसावं यात नवल नाही. या कामात एक बिट जरी चुकला तरी पुढचं सगळं गणित फिसकटतं आणि तपासणीत लगेच उघडं पडतं.

मग संशय गेला मदरबोर्डांवर, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मुख्य बोर्डांवर. अनेक बोर्ड घरून येतानाच वीजमर्यादा काढून टाकलेले असत. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगांमध्ये) मर्यादा म्हणून ४०९६ वॅट असा हास्यास्पद आकडा दिसे. शौकिनांनी वॅटला धरलं ते इथे. पण गेमचे सर्व्हर चालवणाऱ्यांनी हेच प्रोसेसर डब्ल्यू६८० चिपसेटच्या, ओव्हरक्लॉकिंगच्या (चिप ठरल्यापेक्षा जास्त पळवण्याच्या) वाटेला न जाणाऱ्या बोर्डांवर बसवले होते. तेही कोसळत होते. वॅटचा सिद्धांत तिथेच लंगडा पडला.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. चिपचे वॅट, व्होल्ट, तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा आणि आय९वर सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची सगळे कोअर जुंपणारी चाचणी लावा. पंखे गर्जायला लागतात, वॅटचा रकाना अडीचशेला भिडतो, तापमान नव्वदीच्या पुढे जातं आणि कोअरचं व्होल्टेज सव्वा व्होल्टच्या आसपास येतं. चाचणी थांबवा, ब्राउझरमध्ये एखादं पान उघडा. वॅट धाडकन खाली येतात, पंखे गप्प होतात, आणि एखादा कोअर क्षणभर सर्वोच्च वेगावर उडी मारताना व्होल्टेज जवळजवळ दीड व्होल्टवर जातं. काम किरकोळ आणि व्होल्टेज मात्र सर्वांत जास्त.

याची कारणं दोन. एक तर सर्वोच्च वेग एक-दोन कोअरनाच मिळतो आणि तो हलक्या कामाच्या वेळीच. दुसरं कारण लोडलाइन. दहावीतला ओहमचा नियम आठवा. मदरबोर्डाचं वीज देणारं सर्किट, प्रवाह वाढेल तसं व्होल्टेज ठरवून घसरू देतं; भार एकदम सुटला तर व्होल्टेजनं उसळी मारू नये म्हणून. ही घसरण साधारण १ मिलिओहम रोध असल्यासारखी धरली, तर २०० अँपिअरला ०.२ व्होल्ट गळतात. हे प्रोसेसरला ठाऊक असतं, म्हणून तो गळती धरून जास्तीचं मागतो. पण प्रवाह २०० ऐवजी २० अँपिअर असेल तर गळतात ०.०२ व्होल्टच. मागणीचा हिशेब थोडा जरी उदार असला, तरी उरलेलं सगळं कोअरच्या अंगावर येतं.

जास्त व्होल्टेज आणि उष्णता एकत्र आली की ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या अतिपातळ थरात विद्युतभार अडकून बसतात आणि तो चालू व्हायला लागणारं किमान व्होल्टेज हळूहळू वर सरकतं. बायस टेम्परेचर इन्स्टॅबिलिटी हे त्याचं नाव, आणि चिप बनवणाऱ्यांना ही व्याधी कित्येक वर्षं माहीत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलनं आपल्या निदानाला नाव दिलं ‘व्हीमिन शिफ्ट’, म्हणजे किमान व्होल्टेज सरकणं. दोष सापडला कोअरमधल्या क्लॉक ट्रीच्या एका सर्किटमध्ये. घड्याळाचा ठोका चिपभर पोचवणारं हे जाळं. ठोक्याचा वरचा आणि खालचा भाग समान हवा. सर्किट म्हातारं होताना हे प्रमाण ढळलं, तर एका अर्ध्या ठोक्याला वेळ कमी पडतो आणि तिथलं गणित चुकतं.

म्हणजे झीज होते हलक्या कामात, चढ्या व्होल्टेजवर. दुखणं मात्र बाहेर येतं भारी कामात, जेव्हा प्रवाह वाढून व्होल्टेज घसरतं आणि शिदोरी संपलेली असते. वेग १००-२०० मेगाहर्ट्झनं उतरवला की अनेकांचे गेम पुन्हा चालू लागत, ते यामुळेच. आणि ज्यानं पाहिलं त्यानं पाहिली गर्जणारी, तापलेली चिप. दोष उष्णतेला लागला. तापमान अगदी निर्दोष नाही, पण एकटं तेच दोषी नाही. ताळा हवा असेल तर २०२३ मधले इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीचे रायझन प्रोसेसर आठवा: १२० वॅटच्या ७८००एक्स३डीसारख्या चिपा काही बोर्डांवर खरोखर करपल्या. कारण जादा एसओसी व्होल्टेज, म्हणजे चिपमधल्या कोअरखेरीजच्या भागांना मिळणारं व्होल्टेज. एएमडीनं त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

इंटेलचे उतारे टप्प्याटप्प्यानं आले. ऑगस्ट २०२४ चा ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायोसच्या अपडेटमधून येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचना) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखतो. पुढच्या महिन्यातला ०एक्स१२बी रिकाम्या आणि हलक्या कामातलं चढं व्होल्टेज आवरतो. झालेली झीज यातलं काहीच भरून काढत नाही. सुरुवातीच्या काही तेराव्या पिढीच्या चिपांमध्ये ऑक्सिडेशनचा कारखानी दोषही होता, पण तो वेगळा विषय. दोन्हींची खिचडी करून व्हिडिओ काढणाऱ्यांनी घबराट तेवढी वाढवली.

दरम्यान शौकिनांत नवी दैवतं उभी राहिलीच. अमुक बॅच नंबरची चिप ‘शुभ’, तमुक आठवड्यातली घेऊ नये. चिपांमध्ये फरक असतो हे खरं, पण तो चाचणीत दिसतो, खोक्यावरच्या आकड्यांवरून नाही. गाडीच्या नंबरची बेरीज ९ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे भरण्यातलाच हा प्रकार.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा ९ २८५केचा कमाल वेग इंटेलनं ५.७ गिगाहर्ट्झ ठेवला, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या १३९००केपेक्षाही कमी. आकडा घसरला म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ निघाले. मला तो निर्णय पटला.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीत कुणाकडून जुना आय९ स्वस्तात मिळत असेल, तर सिनेबेंचचे गुण विचारून उपयोग नाही, झिजलेली चिपसुद्धा ती चाचणी पास होऊ शकते. बायोस कधी अपडेट केला होता ते विचारा, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करणारा एखादा अनरिअलचा गेम समोर चालवून घ्या. आणि मूळ बिल मागा: या चिपांची वॉरंटी इंटेलनं तीन वर्षांवरून पाच केली आहे.