फोटो दिसेनासे झाले? कार्ड आमच्याकडे आणण्याआधी एवढं वाचा

फोटो गेल्याचं नुकतंच लक्षात आलं असेल आणि मेमरी कार्ड अजून कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये असेल, तर हे पत्रक क्षणभर बाजूला ठेवा. आधी कॅमेरा किंवा मोबाइल बंद करा, कार्ड बाहेर काढा आणि मग पुढचं वाचा. घाई करायला सांगतोय, त्याला कारण आहे. फोटो परत मिळवण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या कार्डांवरचे बरेचसे फोटो ज्या क्षणी ‘गेले’ असं वाटलं त्या क्षणी कार्डावरच होते. ते खरोखर गेले नंतरच्या तासा-दोन तासांत, परत आणायच्या धडपडीत.

डिलीट झालं म्हणजे काय झालं

कार्डावर एकीकडे प्रत्यक्ष फोटो असतात आणि दुसरीकडे कुठला फोटो कुठे ठेवलाय याची नोंदवही. डिलीटचं बटण दाबलं की कॅमेरा नोंदवहीत खूण करतो आणि ती जागा ‘रिकामी’ म्हणून मोकळी सोडतो. फोटोला तो हातही लावत नाही. ४ ते ३२ जीबीच्या कार्डांवर सहसा फॅट३२ नावाची मांडणी असते. तिथे ही खूण फाइलच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर केली जाते. त्यामुळे परत मिळवलेल्या फायलींच्या नावातलं पहिलं अक्षर गायब असतं आणि ग्राहक विचारतात, ‘हे आमचेच फोटो ना?’ तुमचेच. ६४ जीबी आणि त्यापुढच्या कार्डांवर एक्सफॅट असते. तिथे नाव तसंच राहतं, फक्त ‘वापरात आहे’ ही खूण निघून जाते.

साध्या फॉरमॅटमध्येही हेच होतं, फक्त सगळ्या वहीचं एकदम: जुनी वही जाते, कोरी वही येते, कपाटातलं सामान जागच्या जागी राहतं. याला अपवाद आहेत. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा वेगळा पर्याय असतो आणि संगणकावर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅटही करता येतं. हे केलं असेल तर फोटो खरोखरच पुसले जातात. तुमच्याकडून नेमकं काय दाबलं गेलं, ते आम्हाला स्पष्ट सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आणि आमचा तपासाचा बराच वेळ वाचतो.

मग धोका कशाचा?

रिकाम्या म्हणून सोडलेल्या त्या जागेवर काहीतरी नवीन लिहिलं जाण्याचा. तिथे नवा फोटो बसला की जुना आम्हालाही मिळत नाही. आणि तुम्ही काही केलं नाहीत तरी उपकरणं आपणहून लिहीत असतात. कार्ड लावल्याबरोबर विंडोज त्यावर स्वतःचं एक फोल्डर तयार करतं, मॅक लपवलेली फोल्डर ठेवतं, अँड्रॉइड मोबाइल छोट्या प्रतिमा साठवू लागतो. म्हणून ‘जरा लावून बघूया’ हेसुद्धा नको.

सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, ‘हे कार्ड फॉरमॅट करायचं का?’ या संदेशाला हो म्हणणं. दुसरी, विंडोजचं दुरुस्तीचं काम, चेकडिस्क. ते नोंदवही जुळवण्यासाठी आहे, तुमचे फोटो वाचवण्यासाठी नाही. वही जुळत नसेल तर ते न जुळणाऱ्या नोंदी कापून टाकतं आणि फोटोंचे तुकडे क्रमांकाच्या नावाने एका फोल्डरमध्ये टाकून मोकळं होतं. त्यानंतर आम्हाला जे हाती लागतं, ते आधी लागलं असतं त्यापेक्षा कमीच असतं.

एक प्रसंग मनातून जात नाही. एका ताईंनी बाळाच्या पहिल्या महिन्याचे फोटो असलेलं कार्ड आणलं. फोटो चुकून डिलीट झाले होते, कार्ड ठणठणीत होतं. घरात कोणीतरी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं होतं, सॉफ्टवेअरला फोटो सापडलेही होते, पण ‘कुठे सेव्ह करू?’ या प्रश्नाला तेच कार्ड दाखवलं गेलं. सापडलेला प्रत्येक फोटो अजून न सापडलेल्या फोटोच्या डोक्यावर लिहिला जात होता. आम्हाला एकेक फोटो उघडताना ते दिसत होतं: वरच्या भागात बाळाचं कपाळ आणि मिटलेले डोळे, आणि नाकापासून खाली सपाट राखाडी पट्टा. बरेचसे फोटो तरीही मिळाले, पण ते अर्धे राहिलेले अर्धेच राहिले.

मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला एक छोटी सरकती कळ असते. ती ‘लॉक’कडे सरकवून मगच कार्ड कशातही लावा. मात्र ही कळ आतल्या सर्किटला जोडलेली नसते. ती रीडरला, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या उपकरणाला, फक्त इशारा देते आणि बहुतेक रीडर तो पाळतात, सगळेच नाहीत. मोबाइलमधल्या छोट्या कार्डाला, म्हणजे मायक्रोएसडीला, ही कळ नसतेच. ती असते अॅडॅप्टरला, म्हणजे हे कार्ड ज्यात बसवून मोठ्या कार्डासारखं वापरतात त्या कवचाला.

आमच्याकडे येण्याआधी ही ठिकाणं बघा

बघण्यासारखी ठिकाणं बरीच असतात आणि घाबरल्यावर ती आठवत नाहीत. गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस राहतात. अनेक मोबाइलच्या गॅलरीतही अशी टोपली असते. कॅमेऱ्याला दुसरा स्लॉट असेल तर त्यातलं कार्ड बघा. कॅमेऱ्यातून वायफायने मोबाइलवर घेतलेले फोटो, कोणाला तरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो (आकाराने लहान झालेले असतील, पण असतील) हेही तपासा. आणि आधीच मोबाइलमधून कार्ड उघडून पाहिलं असेल आणि त्यावर ‘लॉस्ट डॉट डीआयआर’ नावाचं फोल्डर दिसलं असेल, तर ते कचरा समजून उडवू नका. अँड्रॉइडला अर्धवट सापडलेल्या फायली तो तिथे नुसत्या क्रमांकाच्या नावाने ठेवतो आणि त्यातल्या अनेक तुमच्या फोटोंच्याच असतात.

मायक्रोएसडी असेल तर अॅडॅप्टर आणि रीडर एकेकदा बदलून बघायला हरकत नाही, कळ लॉक करून. कार्ड मेलंय असं समजून आलेल्या लोकांना आम्ही नुसता अॅडॅप्टर बदलून परत पाठवलं आहे.

घरी स्वतः करता येईल का?

कधीकधी हो, आणि ते सांगायला आम्हाला संकोच नाही. कार्ड नीट ओळखलं जातंय, क्षमता बरोबर दिसतेय, रीडर मधेच तुटत नाही आणि फोटो फक्त डिलीट किंवा साधे फॉरमॅट झालेत, एवढं सगळं असेल तर करता येतं. फोटोरेक हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते नोंदवहीकडे बघतच नाही. कार्डाच्या पहिल्या जागेपासून शेवटपर्यंत जात फोटोच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधतं. प्रत्येक जेपीईजी फोटो ‘एफएफ डी८’ या बाइटनी सुरू होतो आणि ‘एफएफ डी९’ने संपतो. या पद्धतीत फाइलची मूळ नावं मिळत नाहीत, पण फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच असते, त्यामुळे नंतर क्रम लावता येतो.

मात्र आधी संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, संगणकावर घ्या आणि सगळं काम त्या प्रतीवर करा. मिळालेले फोटो संगणकाच्या डिस्कवर ठेवा. आम्हीही नेमकं हेच करतो. कार्ड एकदा वाचतो, बाजूला ठेवतो, आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर.

विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरबद्दल एक सावधगिरी. ‘तुमचे फोटो सापडले’ म्हणून पडद्यावर जे लहान लहान फोटो दिसतात, ते अनेकदा फाइलच्या सुरुवातीला कॅमेऱ्याने ठेवलेली छोटी प्रतिमा असते, १६० बाय १२० बिंदूंची. ती सुरुवातीला असल्यामुळे वाचते, मागचा मोठा फोटो मात्र संपलेला असू शकतो. आम्ही ग्राहकाला यादी देताना प्रत्येक फोटो पूर्ण आकारात उघडून मगच ‘मिळाला’ असं लिहितो.

कार्डच आजारी असेल तर

कार्ड कधी ओळखलं जातं कधी नाही, गरम होतं, ६४ जीबीचं कार्ड काही एमबीचंच दिसतं किंवा शून्य दाखवतं, एकाच जागी वाचन अडकून राहतं, अशी लक्षणं असतील तर थांबा. परत परत लावून बघू नका आणि कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. बिघाड वाढत असतो आणि किती वेळा वाचू देईल याचा भरवसा नसतो.

कार्डाच्या आत आठवण ठेवणारी चिप आणि तिचा कारभार बघणारा कंट्रोलर असतो. चिपच्या प्रत्येक पेशीत विजेचा अगदी बारीक साठा असतो. हल्लीच्या अनेक कार्डांत एका पेशीत ३ बिट ठेवतात, म्हणजे त्या साठ्याच्या ८ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. वर्षं गेली, उष्णता लागली, खूप वेळा लिहून झालं, की साठा झिरपतो आणि पातळ्या एकमेकींत मिसळू लागतात. वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं कार्ड अचानक चुका दाखवतं ते यामुळे. अशा कार्डाचं वाचन आम्ही टप्प्याटप्प्याने करतो. आधी सहज येणारा भाग घेतो, अडखळणारी जागा ओलांडून पुढे जातो, आणि शेवटी त्या जागांकडे परत येऊन थोडं थोडं काढतो.

कंट्रोलरच बंद पडला असेल तर कार्ड रीडरला उत्तरच देत नाही. मग चिपशी थेट बोलावं लागतं. मायक्रोएसडी १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि १ जाड. त्या काळ्या तुकड्यात चिप आणि कंट्रोलर एकत्रच ओतलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मागचा लेप हळूहळू खरवडला की खालून तांब्याचे बारीक ठिपके दिसू लागतात. त्यांवर केसाएवढ्या तारा सोल्डर करायच्या, एकेक. जोर किंचित जास्त पडला की ठिपका निघून येतो आणि ती वाट बंद होते. हे काम रात्रीच्या शांततेत बरं होतं, असा आमचा अनुभव आहे. त्यातून जे मिळतं तेही सरळ नसतं. कंट्रोलरने माहिती विस्कटून, चूकदुरुस्तीचे अंक मिसळून आणि जागा बदलून ठेवलेली असते. ते सगळं उलट्या दिशेने सोडवावं लागतं. म्हणून अशा कामाला दिवस लागतात आणि ‘उद्या देता का?’ला आम्ही नाही म्हणतो.

मोठ्या एसडी कार्डाचं प्लास्टिकचं कवच तुटलं तर घाबरू नका, आतला भाग बहुधा शाबूत असतो. मायक्रोएसडी मधोमध मोडली असेल तर मात्र चिपच तडकलेली असते आणि तिथे आमचा इलाज चालत नाही. पाण्यात पडलेलं कार्ड तापवू नका, हेअर ड्रायर नको, उन्हात नको. पुसून साध्या हवेत वाळू द्या आणि वीज न देता आणा.

जे आम्हाला जमत नाही

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, कार्ड मोबाइलची ‘अंतर्गत मेमरी’ म्हणून जोडता येतं. असं जोडलेलं कार्ड कुलूपबंद होतं आणि किल्ली फक्त त्याच मोबाइलमध्ये राहते. कार्डाबरोबर तो मोबाइल आणा. मोबाइल फॅक्टरी रीसेट झाला असेल तर किल्ली गेली, आणि कार्ड कितीही धडधाकट असलं तरी फोटो निघत नाहीत.

बनावट कार्डांचंही तसंच. वर १२८ जीबी छापलेलं, आत चिप ८ किंवा १६ जीबीची. ती भरेपर्यंत सगळं ठीक चालतं. पुढचे फोटो ‘सेव्ह’ झालेले दिसतात, पण ते कुठेच लिहिलेले नसतात, किंवा आधीच्या फोटोंवर लिहिले जातात. नवं कार्ड घेतल्यावर एकदा ते पूर्ण भरून आणि परत वाचून तपासा. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही मोफत साधनं हेच करतात.

व्हिडिओ फोटोंपेक्षा अवघड असतो. फाइल मोठी असल्याने ती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असू शकते. शिवाय एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहितात. मधेच बॅटरी संपली किंवा कार्ड ओढलं गेलं तर चित्र असतं, अनुक्रमणिका नसते. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला एखादा चांगला व्हिडिओ सोबत आणलात तर त्याच्या आधाराने ती अनेकदा पुन्हा बांधता येते. रॉ फोटो काढणाऱ्यांना थोडा दिलासा आहे. रॉ फाइल अर्धवट मिळाली तरी आत कॅमेऱ्याने ठेवलेली जेपीईजी प्रत पुष्कळदा पूर्ण निघते.

येताना आणि नेताना

कार्ड त्याच्या डबीत किंवा कागदात गुंडाळून आणा, नाण्यांबरोबर पाकिटात नको. कॅमेऱ्याचं किंवा मोबाइलचं मॉडेल, फोटो साधारण कधीचे, काय झालं आणि त्यानंतर काय काय करून पाहिलं, हे चिठ्ठीवर लिहा. कुठले फोटो सगळ्यात जास्त हवेत तेही लिहा, आम्ही आधी त्यांच्यामागे लागतो.

फोटो उघडतात का एवढंच बघण्यापुरते आम्ही ते पाहतो. तुम्ही काम ताब्यात घेतल्यावर आमच्याकडची प्रत १५ दिवस ठेवतो आणि मग पुसून टाकतो. त्याआधी पुसायला हवी असेल तर सांगा, तुमच्यासमोर पुसू. त्या १५ दिवसांत घरी बसून सगळे फोटो पूर्ण आकारात उघडून बघा, नुसती छोटी चित्रं नाहीत. आणि ते दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवर ठेवले गेले की मगच जुनं कार्ड टाकून द्या. त्या कार्डावर पुन्हा फोटो काढू नका.