आधी पायाचा अंगठा पाहा

दोन्ही पायांचे अंगठे आखूड, शेजारच्या बोटाकडे कललेले. बाकी बाळ ठणठणीत. ‘अंगठे जरा वाकडे आहेत, चालायला लागलं की होतील सरळ,’ म्हणून घरचे सोडून देतात आणि बऱ्याचदा डॉक्टरही. काही वर्षांनी मूल खेळता खेळता पडतं, किंवा काही निमित्त नसतानाही त्याच्या मानेवर, पाठीवर एकाएकी टणक, दुखरी सूज येते. आईवडील हवालदिल होतात. कर्करोगाची शंका येते आणि गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला जातो. घात होतो तो इथे. हा आजार एफओपी असेल, तर चाकू लागलेल्या जागी स्नायूचं हाड होऊ लागतं.

फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा हे त्याचं पूर्ण नाव. 10 ते 20 लाखांत एखाद्याला होणारा हा आजार. जगभरात नोंद झालेले रुग्ण हजाराच्या आतबाहेर. यात स्नायू, स्नायुबंध, कंडरा यांच्या जागी खरंखुरं हाड तयार होतं. आधी मान, पाठ आणि खांदे, मग कोपर, कंबर, गुडघे, आणि एकेक सांधा कायमचा जखडतो. जीभ, डोळ्यांचे स्नायू, श्वासपटल आणि हृदय तेवढे सुटतात. मुका मार, दंडातलं इंजेक्शन, दात काढताना जबड्यात दिलेली भुलीची सुई, साधा फ्लूसुद्धा नव्या हाडाला निमित्त होतो. वाढलेलं हाड कापून काढावं, तर तिथे पुन्हा हाडच येतं.

आजार नवा नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यचिकित्सक जॉन फ्रेक यांच्याकडे 1736 साली 14 वर्षांचा एक मुलगा आला होता. त्याच्या पाठीवर तीन वर्षांपासून मोठमोठ्या गाठी वाढत होत्या. मानेच्या मणक्यांपासून माकडहाडाच्या वरपर्यंत आणि प्रत्येक बरगडीतून हाडं फुटून ती पोवळ्याच्या फांद्यांसारखी एकमेकांत मिसळली आहेत, जणू पोराला हाडाची चोळीच चढवली आहे, असं वर्णन त्यांनी करून ठेवलं. पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजच्या रुग्णालाही तंतोतंत लागू पडतं. पण ते वाचणारे डॉक्टर किती?

फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात हॅरी ईस्टलॅक यांचा सांगाडा उभा आहे. 1933 साली जन्मलेल्या हॅरींचा पाय लहानपणी मोडला, तो नीट जुळला नाही, आणि पुढे आजार पसरत गेला. त्यांच्यावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. काढलेलं हाड दर वेळी परत आलं. शेवटी फक्त ओठ हलत. 1973 मध्ये, चाळिशी पुरी व्हायला थोडे दिवस उरले असताना, ते गेले. आपलं शरीर अभ्यासासाठी द्यावं ही त्यांचीच इच्छा. एरवी सांगाडा उभा करायचा तर हाडं तारांनी बांधावी लागतात. हॅरींच्या सांगाड्याला तशी गरज जवळजवळ पडत नाही. पाठीवरून, खांद्यावरून, मांडीवरून हाडाचे पट्टे आणि पूल गेले आहेत, त्यांनीच तो धरून ठेवला आहे. ज्यांनी या आजाराचा रुग्ण कधी पाहिला नाही, असे किती तरी डॉक्टर त्याच्यासमोर उभे राहून शिकले.

रुग्ण मात्र एकमेकांना अनोळखीच होते. जेनी पीपर या अमेरिकन महिलेला लहानपणीच एफओपीचं निदान झालं होतं, पण आपल्यासारखं दुसरं कोणी मोठेपणापर्यंत त्यांना भेटलं नव्हतं. त्यांनी संशोधक डॉक्टर मायकेल झॅस्लॉफ यांच्याकडून 18 रुग्णांची नावं मिळवून प्रत्येकाला पत्र लिहिलं. 11 जणांची उत्तरं आली. तेवढ्यावर 1988 मध्ये आंतरराष्ट्रीय एफओपी संघटना सुरू झाली. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अस्थिरोगतज्ज्ञ फ्रेडरिक कॅप्लन या आजाराकडे वळले आणि त्यांनी उभं आयुष्य त्याला दिलं.

नेमकं किती चुकतंय, हे 2005 मध्ये आकड्यांत समोर आलं. वेगवेगळ्या देशांतल्या 138 रुग्णांच्या पाहणीत 87 टक्क्यांचं पहिलं निदान चुकीचं निघालं. सर्वांत जास्त वेळा सांगितला गेलेला आजार कर्करोग. खरं नाव कळेपर्यंत सरासरी 4 वर्षं गेली होती आणि बहुतेकांनी पाच-सहा डॉक्टरांची दारं झिजवली होती. 67 टक्के रुग्णांवर तुकडा काढण्यासारख्या नको त्या शस्त्रक्रिया झाल्या. जवळजवळ निम्म्यांची हालचाल उपचारांनीच कायमची हिरावली. शेवटचा आकडा वाचून आजही पोटात खड्डा पडतो, कारण ही हानी टाळता आली असती. याच अभ्यासात वैद्यकाची 184 पाठ्यपुस्तकं चाळली गेली. आजाराचं पुरेसं वर्णन त्यातल्या 8 टक्के पुस्तकांतच सापडलं. डॉक्टरांना बोल लावण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. जे शिकवलंच नाही, ते ओळखणार कसं?

23 एप्रिल 2006 रोजी आजाराचं मूळ जाहीर झालं. कॅप्लन, आयलीन शोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसीव्हीआर1 या जनुकातला एका अक्षराचा बदल शोधून काढला. हाड घडवण्याचा निरोप पेशीत पोहोचवणाऱ्या दारावरची कडी त्यामुळे ढिली होते आणि नको तिथे हाड बनतं. बहुतेक मुलांत हा बदल नव्यानेच होतो, आईवडिलांना आजार नसतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एफओपी चालत आलेली कुटुंबं दुर्मिळ, आणि जनुकाचा माग काढायला हवी होती नेमकी तीच. ती देशोदेशींच्या डॉक्टर-रुग्णांच्या ओळखीतून मिळाली. तेव्हापासून 23 एप्रिल हा एफओपी जागृती दिन म्हणून पाळला जातो.

जनुक सापडल्यावर निदान रक्ताच्या तपासणीवर आलं, तुकडा काढायची गरज उरली नाही. औषधांचीही वाट मोकळी झाली. पॅलोव्हॅरोटीनला 2022 मध्ये कॅनडाने आणि ऑगस्ट 2023 मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. त्याने नवं हाड कमी बनतं, झालेलं हटत नाही. आणि वाढत्या मुलांची उंची खुंटण्याचा धोका असल्याने अगदी लहानांना ते देत नाहीत. म्हणूनच आजार लवकर ओळखणं आणि इजा टाळणं हाच आजही मोठा उपचार आहे.

ब्राझीलने जानेवारी 2025 मध्ये कायदाच केला: सरकारी असो वा खासगी, रुग्णालयात नवजात बाळाची एफओपीच्या खुणांसाठी तपासणी व्हायलाच हवी. अंगठा वाकडा असलेलं प्रत्येक मूल एफओपीचं नसतं. पण तशा अंगठ्याच्या मुलाला पाठीवर किंवा मानेवर सूज आली, तर तुकडा काढू नये, स्नायूत इंजेक्शन देऊ नये, आधी जनुकीय तपासणी करावी. आपल्याकडे 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. अशी शंका आली की बालरोगतज्ज्ञाला मुलाला तिथल्या तज्ज्ञांकडे पाठवता येतं.