कलाफेरी (सोलापूर)

शहरातल्या एखाद्या पेठेतली छोटी कलादालने, तात्पुरती चित्रप्रदर्शने, कलावंतांच्या कामाच्या जागा आणि रस्त्यावरच्या भिंतींवरची चित्रे पायी फिरून पाहणे, याला कलाफेरी म्हणता येईल. वस्तुसंग्रहालयात गेल्यावर काळाने आधीच निवडून ठेवलेल्या वस्तू समोर येतात. छोट्या दालनात तसे नसते. तिथले चित्र गेल्या महिन्यात पुरे झालेले असू शकते, ते काढणारा शेजारीच उभा असतो, आणि ते चांगले की वाईट हे अजून कुणी ठरवलेले नसते. भिंतीवरच्या चित्राला तर पुढच्या दिवाळीपर्यंतचाही भरवसा नसतो. पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर विसंबावे लागते, हेच या फेरीचे खरे मोल.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात दालनात जाऊन चित्रे पाहण्याची सवय प्रथम मुंबईत रुजली. जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. १९६३ मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड हे खासगी दालन आले. १९९९ पासून काळा घोडा महोत्सवाने तो सारा परिसरच चालत पाहण्याजोगा केला. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन आणि कोल्हापुरात शाहू स्मारक भवनाचे कलादालन यांनी आपापल्या भागातल्या चित्रकारांना जागा दिली. भिंतीवरच्या कलेला गेल्या दशकात वेगळी गती आली. दिल्लीच्या लोधी कॉलनीत सरकारी वसाहतीच्या भिंतींवर देशोदेशीच्या कलावंतांनी चित्रे काढली आणि २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकमध्ये, मासळीच्या वासात, मोठे प्रदर्शन भरले.

सोलापुरात अशी ओळीने मांडलेली दालने नाहीत. ‘इथे आर्ट गॅलरी कुठे आहे?’ असे विचारत निघालेला पाहुणा तासाभरात परत फिरतो. पण भिंत, दुकानाची पाटी, उंबरठा आणि माग यांच्याकडे पाहायला शिकलेल्या माणसाला दिवस पुरत नाही. या शहरातली चित्रकला दालनाच्या आधी रस्त्यावर आणि कारखान्यात वाढलेली आहे, म्हणून इथली फेरीही त्याच क्रमाने करावी लागते.

पाट्या आणि भिंती : सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू एकत्र नांदणारे शहर आहे. जुन्या पेठांतून चालताना हे कानांना कळते, तसे डोळ्यांनाही कळते. हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांवर देवनागरीची शिरोरेघ, तेलुगूचे गोलवे आणि उर्दूची उजवीकडून येणारी ओळ एकाच पेंटरच्या हातून उतरलेली दिसते. अक्षराला दिलेली सावली, कडेची पांढरी किनार, मजकुराखालची वेलबुट्टी या गोष्टी कुठल्याच कलाशाळेत शिकवल्या जात नव्हत्या. त्या दुकानात, उस्तादाच्या हाताखाली, डबे धुता धुता शिकल्या जात. फ्लेक्स आल्यावर हा धंदा बसला. आज उरलेल्या पाट्या पाहणे हे कलाफेरीतले पहिले काम मानावे. त्यांना कुणी संग्रहात ठेवलेले नाही, आणि दुकानाचे नूतनीकरण झाले की पाटी भंगारात जाते.

सिनेमाचे मोठाले बॅनर रंगवणाऱ्यांची पिढीही याच मुशीतली. पद्धत साधी आणि अवघड होती : छोट्या फोटोवर पेन्सिलीने चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर पाडायचे आणि एकेका घरातली रेघ तिकडे वाढवत न्यायची. जवळून पाहिले तर नुसते रंगाचे फटकारे दिसतात. रस्त्याच्या पलीकडून मात्र चेहरा बोलू लागतो. सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीची वर्षे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवण्यातच काढली. दुरून वाचता येणारी ठाम रेघ त्यांच्या पुढच्या कॅनव्हासवरही टिकून राहिली. हुसेन यांची चित्रे पाहिलेल्या माणसाने जुना बॅनर जरूर पाहावा. एका गोष्टीचे मूळ हाती लागते.

अलीकडची भित्तिचित्रे बहुतेक सरकारी निमित्ताने आली. स्वच्छता मोहिमांमुळे शाळा, कार्यालये आणि उड्डाणपुलांचे खांब रंगू लागले. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली आणि शहर सजवण्याची चर्चा वाढली. या चित्रांत कचरापेटी, झाड, पृथ्वीचा गोल आणि हसरी मुले पुन्हा पुन्हा येतात. त्यांना सरसकट नाकारू नये. घोषवाक्याच्या खाली एखाद्या कोपऱ्यात पेंटरने मनापासून काढलेला बैल किंवा डोक्यावर गाठोडे घेतलेली विडी कामगार बाई दिसते, आणि तेवढ्या जागेत चित्र जिवंत होते. नजर अशा जागा हुडकायला शिकली की फेरी फळाला आली.

भिंतीचे शास्त्रही थोडे माहीत असावे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. अशा उन्हात काही झगझगीत लाल-गुलाबी रंग लवकर उडतात, निळे आणि गेरूसारखे मातकट रंग तग धरतात. आधी पुट्टी आणि प्रायमर नीट न लावता काढलेले चित्र दोन पावसाळ्यांत पोपडे धरते. म्हणून फिकट झालेल्या चित्रात निळा जास्त दिसला तर ते चित्रकाराने तसे योजले होते असे समजू नये. बाकीचे रंग ऊन घेऊन गेले आहे.

विणलेले चित्र : सोलापूरच्या कलाफेरीचा गाभा इथे आहे. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे कन्ना चौक, साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक या बाजूला, तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. चादरीकडे चित्र म्हणून मात्र फारसे कुणी पाहत नाही. चादरीची नक्षी जकार्ड यंत्रावर घडते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते, आणि छिद्र असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये आलेली ही युक्ती. चादर उलटी करून पाहावी : तीच फुले, तोच मोर, पण रंगांची अदलाबदल झालेली. छापील कापडात हे होत नाही.

याहून नाजूक काम भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रांचे. बाजारात त्यांना ‘वॉल हँगिंग’ म्हणतात. इथे जकार्डचे पुठ्ठे नसतात, सारा भार विणकराच्या बोटांवर असतो. आधी आलेखाच्या कागदावर चित्र उतरवतात. मग हातमागावर एकेका रंगाची छोटी कांडी घेऊन बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा त्या रंगाच्या हद्दीपर्यंतच नेतात आणि तिथून मागे वळवतात. साध्या कापडात धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे साधन, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. इथे एका ओळीत दहा-वीस कांड्या आपापल्या सीमेवर थांबतात. गालावरची सावली दाखवायची तर तीन-चार जवळचे रंग एकमेकांत दातेरी शिरवावे लागतात. गौतम बुद्ध, शिवाजी महाराज, राधाकृष्ण, बैलगाडी, एखाद्या घरातल्या आजोबांचा फोटो, असे विषय असतात. एक मोठे चित्र व्हायला कित्येक आठवडे जातात आणि चूक झाली तर तितक्या ओळी उसवाव्या लागतात.

हे काम हस्तकला म्हणून बाजूला काढणे अन्यायाचे आहे. चेहरा रंगवणारा चित्रकार हवे तिथून सुरुवात करतो, डोळे आधी काढतो, हनुवटी नंतर काढतो. विणकराला मात्र चित्र खालून वर, ओळीओळीने, आधी विणलेला भाग गुंडाळत जाऊनच घडवावे लागते. संपूर्ण चित्र त्याला शेवटी, माग उतरवल्यावरच दिसते. मनात अख्खे चित्र धरून त्याची एक रेघ तेवढी समोर ठेवायची, ही ताकद समकालीन कोणत्याही दालनात मानाची ठरेल. यंत्रमागांच्या रेट्यात हातमाग कमी होत गेले आहेत, तेव्हा हे पाहण्याची घाई करावी.

मागाच्या कारखान्यात जाताना आवाजाची तयारी हवी, यंत्रमागाच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. सैल ओढणी किंवा उपरणे आवरून घ्यावे. दारात उभे राहून मालकाला किंवा मुकादमाला ‘अण्णा, आत येऊ का?’ असे विचारावे. काम आवडले तर ‘बागुंदी’ म्हणावे. तेलुगूत याचा अर्थ ‘छान आहे’, आणि मराठी माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून विणकराच्या चेहऱ्यावर जे येते ते कोणत्याही अभिप्राय वहीपेक्षा मोठे असते.

उंबरठा आणि रस्ता : धनुर्मासात आणि संक्रांतीच्या दिवसांत पूर्व भागातल्या दारांपुढे पहाटे मुग्गु पडते. हे तेलुगू घरांतले रांगोळीचे रूप : आधी ठिपक्यांची जाळी, मग ठिपक्यांना वळसे घालत जाणारी न तुटणारी रेघ. याच सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीपुढे रस्त्यावर रांगोळीच्या पायघड्या घातल्या जातात. काही तासांची मेहनत मिरवणुकीच्या पायांखाली विरून जाते, आणि ती तशी विरावी म्हणूनच काढलेली असते. रस्त्यावरची कला तात्पुरती का असते यावर आजकाल पुष्कळ बोलले जाते. सोलापूरकराने ते लहानपणीच, आजीचे बोट धरून पाहिलेले असते.

दालनातली रीत : शहरात चित्रप्रदर्शने भरतात ती बहुतेक सभागृहांत, वाचनालयांत, शाळांच्या हॉलमध्ये किंवा चित्रकलेच्या क्लासमध्ये. त्यामागे कलाशिक्षकांची मेहनत असते. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती ब्रश दिला. मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलीने काम करतात. शाळकरी दप्तरातल्या साधनातून त्यांनी उभ्या केलेल्या ग्रामीण बायकांच्या चित्रांनी जिल्ह्यातल्या अनेक मुलांना ‘हे आपल्यालाही जमेल’ असा धीर दिला.

छोट्या दालनात जायला बहुधा तिकीट नसते, निमंत्रण लागत नाही, आणि विकत घ्यायची सक्ती तर कधीच नसते. तरी बरेच लोक दारातून डोकावून परत जातात. ‘आपल्याला यातलं काय कळतंय’ हा संकोच आड येतो. तो सोडावा. आधी चित्राशेजारची माहितीची पट्टी न वाचता चित्रापुढे दोन मिनिटे उभे राहावे, मग पट्टीकडे वळावे. पट्टीवर नाव, माध्यम, आकार आणि वर्ष असते. आकारात प्रथम उंची, मग रुंदी लिहिण्याचा प्रघात आहे. छापचित्राच्या, म्हणजे ठशावरून कागदावर उमटवलेल्या चित्राच्या, खाली पेन्सिलीने ३/२५ असे लिहिलेले असेल तर पंचवीस प्रतींपैकी ती तिसरी असे समजावे. पट्टीशेजारी लाल टिकली असली तर चित्र विकले गेले आहे. किंमत विचारण्यात कमीपणा नाही, मात्र चादरीच्या दुकानातली घासाघीस इथे करू नये. ‘याला किती वेळ लागला?’ यापेक्षा ‘इथं हाच रंग का घेतलात?’ असा प्रश्न चित्रकाराला बोलता करतो.

वेळ आणि वाट : थंडीचे महिने उत्तम. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा पाच वाजून गेल्यावर निघावे. शटरवरची चित्रे दुकाने बंद असतानाच दिसतात, म्हणून भल्या सकाळची फेरी वेगळी आणि दुपारनंतरची वेगळी. कोवळे ऊन भिंतीवर तिरपे पडते तेव्हा ब्रशाचे फटकारेही उठून दिसतात. पार्क चौकातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. १९३० मध्ये ब्रिटिशांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी कायद्यानंतर) मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिले गेले. शहराच्या चित्रांत हे चेहरे वारंवार भेटतात, तेव्हा आधी त्यांची ओळख असावी. तिथून महापालिकेची इंद्रभुवन ही नक्षीदार वास्तू, भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव पाहून पूर्व भागाकडे वळावे.

कायदा : महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ चा आहे, त्यामुळे भिंत रंगवण्याआधी परवानगी हवी. चित्र एकदा काढले की चित्रकाराचा हक्क भिंत विकल्याने संपत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवले गेले. त्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली कलावंताच्या बाजूने निकाल दिला. चौकातल्या शिल्पाचा फोटो कुणीही काढू शकतो. भिंतीवरच्या रंगचित्राला मात्र कॉपीराइट कायद्यातली ती सवलत स्पष्टपणे लागू होत नाही. स्वतःसाठी फोटो काढावा, पण टी-शर्टवर किंवा जाहिरातीत छापायचा असेल तर चित्रकाराला विचारावे आणि त्याचे मानधन द्यावे.

नोंद ठेवणे : फोटोबरोबर चौक, भिंतीची दिशा आणि तारीख टिपून ठेवावी. पेंटरचे नाव बहुधा उजव्या हाताला अगदी खाली, लहान अक्षरांत असते. पावसाचे शिंतोडे, चिखल आणि टेकवून ठेवलेल्या गाड्या यांमुळे भिंतीचा तोच भाग सर्वांत आधी खराब होतो. म्हणून आधी खाली वाकून नाव उतरवून घ्यावे, मग दोन पावले मागे येऊन चित्र पाहावे.