बिस्मथचा जुना आकडा

आमच्या यवतमाळकडे आता शेताची मोजणी साखळीऐवजी रोव्हरने होते. धुऱ्यावर काठी उभी केली की उपग्रहांचे संकेत पोचायला लागलेल्या वेळेवरून जागा ठरते. त्या उपग्रहांतली रुबिडियमची घड्याळं अणूतल्या एका अतिबारीक फरकावर चालतात. अणूचं केंद्रक हे एक इवलंसं चुंबक असतं आणि इलेक्ट्रॉनही. दोघांच्या दिशा जुळल्या की उलटल्या, यावरून अणूची ऊर्जा किंचित बदलते. हीच अतिसूक्ष्म संरचना.

हायड्रोजनमध्ये हा फरक इतका कमी, की त्यातून 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर निघते. आता बिस्मथ घ्या. त्याच्या केंद्रकात 83 प्रोटॉन. भोवतीच्या 83 पैकी 82 इलेक्ट्रॉन काढून एकच ठेवला, तर तो केंद्रकाच्या अगदी लगत येतो आणि फरक साधारण प्रोटॉनसंख्येच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. 83 चा घन म्हणजे पावणेसहा लाखांच्या आसपास! फरक जितका मोठा तितकी लहर आखूड, म्हणून ती आक्रसून 243.9 नॅनोमीटरवर येते, म्हणजे चक्क अतिनील प्रकाश. जिथे रेडिओ लागायचा तिथे लेसर चालतो. हे वर्गात सांगताना मला दरवेळी नव्याने आनंद होतो.

जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या जीएसआय संस्थेत 1994 मध्ये हे पहिल्यांदा मोजलं गेलं. पुढच्या प्रयोगांत 108 मीटर परिघाच्या वर्तुळाकार नळीत हे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढलेले अणू, प्रकाशाच्या सुमारे 71 टक्के वेगाने फिरत होते. समोरून सोडलेला 591 नॅनोमीटरचा लेसर त्या वेगामुळे त्यांना अतिनील ‘दिसतो’. म्हणून वेग नेमका माहीत हवा, आणि तो ठरतो दोन लाखांहून अधिक व्होल्टच्या एका विद्युतदाबावरून. तो दाब मोजणं हेच मोठं काम होतं.

तीन इलेक्ट्रॉन ठेवलेला बिस्मथही मोजला. दोन्ही निकालांची योग्य प्रमाणात वजाबाकी केली की केंद्रकाच्या आतल्या रचनेचा गोंधळ बराचसा निघून जातो आणि क्वांटम विद्युतगतिकीची, म्हणजे प्रकाश आणि विद्युतभारित कणांच्या सिद्धांताची, कसोटी उरते. 2017 मध्ये उत्तर आलं ते सिद्धांतापासून अनिश्चिततेच्या सातपट दूर! सिद्धांतच कोसळला की काय?

2018 मध्ये उलगडा झाला. गणितात वापरलेला बिस्मथ केंद्रकाच्या चुंबकत्वाचा जुना आकडा 4.11 होता, नव्याने मोजल्यावर तो 4.09 आला. जेमतेम अर्धा टक्का. जुना आकडा द्रावणातल्या बिस्मथवरून काढलेला, आणि भोवतीचे इलेक्ट्रॉन केंद्रकावरचं चुंबकीय क्षेत्र किती अडवतात याचा हिशेब त्यात बरोबर नव्हता. मूळ दगडच सरकलेला असेल तर रोव्हर कितीही अचूक असो, धुऱ्याचा वाद मिटत नाही. इथे तेच झालं. नवा आकडा घातल्यावर प्रयोग आणि सिद्धांत जुळले.

आणखी खोल जायचं तर धावते आयन पुरणार नाहीत. पेनिंग सापळ्यात, चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांच्या पकडीत, ते थंड करून जवळजवळ जागच्या जागी धरले की वेगाचा प्रश्न जवळपास सुटतो आणि त्या दोन लाख व्होल्टचाही. जीएसआयमध्ये स्पेक्ट्रॅप नावाचा असा सापळा याच कामासाठी बांधलेला आहे.