खोटं आहे हे ठाऊक असूनही

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद करायला लावली. ती बातमी आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली आणि लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आपल्याकडंबी हेच पायजे. दुसरा तट समंजस होता. बंदी कशाला, मुलांना एकदा नीट बसवून सांगा की इन्स्टावरचे चेहरे फिल्टरचे असतात, पोटं आत ओढलेली असतात, फोटो एडिट केलेले असतात. कळलं की विषय संपला.

हा लेख त्या समंजस तटासाठी आहे, कारण त्यांचं मत ऐकायला शहाणपणाचं असलं तरी अर्धंच खरं आहे. सोलापुरातल्या सातवी-आठवीच्या मुलांना फोटो खोटे असतात हे सांगावंच लागत नाही. ते उद्योग त्यांनी स्वतःच केलेले असतात. कुठल्या ॲपमध्ये हनुवटी निमुळती होते आणि कुठल्यात रंग उजळतो, हे ज्या मुलीला तोंडपाठ आहे तिला आपण आणखी काय साक्षर करणार? तरीही तीच मुलगी डब्यातली अर्धी भाकरी परत आणते आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेत लपते. तिला माहिती पुरेशी आहे. अडचण दुसरीकडे आहे.

सोलापुरातल्या सात रस्ता चौकात जाऊन पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे डिजिटल फलक बघा. साहेबांच्या गालावर एक सुरकुती नाही, रंग मूळच्यापेक्षा चांगलाच उजळ, मागे ढग आणि वाघ. अख्ख्या गावाला ठाऊक असतं की हा चेहरा कॉम्प्युटरवर घासूनपुसून काढलाय, आणि तो बघून कुणी घरी जाऊन आरशासमोर उसासे टाकत नाही. मग मैत्रिणीच्या स्टोरीतला तसाच घासलेला चेहरा का लागतो? याचं उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच देऊन ठेवलंय. माणूस स्वतःचं मोजमाप दुसऱ्याशी तुलना करून घेतो, आणि तुलनेसाठी आपल्यासारख्यालाच निवडतो. साहेब आपल्या वर्गात नसतात, मैत्रीण असते. समाजमाध्यमांनी केलं काय, तर पूर्वी फक्त नटनट्यांच्या वाट्याला येणारी रंगसफेदी शेजारच्या बाकापर्यंत आणून पोचवली.

पण तुलना ही गोष्टीची वरची बाजू झाली. मला खरी गंमत वाटते ती खालच्या थराची. तिथे तुलना करायचं मनात नसलं तरी डोळा आपलं काम करून मोकळा होतो.

१८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स नावाचे गृहस्थ स्कॉटलंडमधला फॉयर्सचा धबधबा बघत होते. बराच वेळ पडत्या पाण्याकडे टक लावून त्यांनी नजर बाजूच्या खडकावर नेली, तर खडक वर सरकू लागला! तुम्हाला स्कॉटलंडला जायची गरज नाही. सिनेमा संपल्यावर वर सरकत जाणारी नावांची यादी पडद्याच्या मधोमध नजर रोखून मिनिटभर बघा आणि मग चित्र थांबवा. थांबलेली अक्षरं खाली उतरताना दिसतील. मेंदूत वर जाणाऱ्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी वेगळ्या आणि खाली येणाऱ्या हालचालीच्या वेगळ्या. वरच्या पेशी मिनिटभर सतत पेटत्या राहिल्या की त्यांचा आवाज बसतो. मग स्थिर चित्रासमोर खालच्या पेशींचं पारडं आपोआप जड होतं. याला अनुकूलन म्हणतात. मेंदू सतत येणाऱ्या गोष्टीला शून्य धरतो आणि फक्त फरक मोजतो. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात तान्हं मूल गाढ झोपतं आणि लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठतं, तसंच काहीसं.

आता हीच करामत चेहऱ्याला लावा. १९९९ मध्ये वेब्स्टर आणि मॅक्लिन या संशोधकांनी लोकांना काही वेळ दाबून अरुंद केलेले चेहरे दाखवले. त्यानंतर अगदी साधा, न बदललेला चेहरा दाखवला, तर तो लोकांना फुगलेला दिसू लागला. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या विंकलर आणि ऱ्होड्स यांनी हेच अख्ख्या शरीराच्या चित्रांवर करून पाहिलं. बारीक केलेली शरीरं बघत बसलेल्या माणसाची "नॉर्मल शरीर कोणतं" याची निवडच बारीकच्या दिशेने सरकली. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली, की शरीरं दुसऱ्यांची बघितली तरी स्वतःच्या शरीराचा अंदाजही त्यासोबत हलतो.

इथे थोडं खोलात जाऊ, म्हणजे हे का घडतं ते कळेल. मेंदूच्या मागच्या बाजूला शरीराच्या आकृतींना विशेष प्रतिसाद देणारा एक भाग आहे, २००१ मध्ये तो ओळखला गेला. अशा भागांत "जाड" किंवा "बारीक" अशी पाटी लावलेली एकेक पेशी नसते. साधारण चित्र असं, की पेशींचा एक गट सरासरीपेक्षा रुंद आकृतीला जोरात बोलतो, दुसरा गट सरासरीपेक्षा अरुंद आकृतीला. दोघांचा आवाज जिथे समसमान होतो तो बिंदू म्हणजे आपल्यासाठी "सरासरी". दिवसभर अरुंद आकृत्या बघितल्या की अरुंदवाल्या गटाचा आवाज बसतो. तोल पुन्हा साधायचा तर बिंदूला अरुंदच्या बाजूला सरकावं लागतं. मग काल जी आकृती तोलावर होती ती आज रुंदच्या पारड्यात जाते. शरीर तसूभर बदललेलं नसतं, शून्याची खूण हललेली असते. बरं, जाड-बारीकचा हा अक्ष, म्हणजे मेंदूची मोजपट्टी, एकच नाही. २०१७ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी दाखवलं की चरबीचा अक्ष आणि स्नायूंचा अक्ष मेंदू वेगवेगळे सांभाळतो, एकावरचं अनुकूलन दुसऱ्यावर फारसं सांडत नाही. म्हणजे बारीक मुलींच्या रील बघणाऱ्या मुलीची खूण चरबीच्या अक्षावर सरकेल, आणि जिमवाल्यांच्या रील बघणाऱ्या पोराची स्नायूंच्या अक्षावर. तो बिचारा अंगाने ठणठणीत असतो आणि आरशात स्वतःला काडी दिसतो. मुलांना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही, असं म्हणणाऱ्या बापांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

प्रयोगशाळेत हा परिणाम मिनिटांत विरतो, पण तिथे चित्रंही मिनिटभरच दाखवतात. फोनवरचा खुराक रोजचा आहे.

मुद्दा असा, की यातल्या कुठल्याच पायरीवर मेंदू "फोटो खरा आहे ना?" असं विचारत नाही. बाण जोडलेल्या दोन रेघांचा म्यूलर-लायर भ्रम १८८९ पासून पुस्तकांत आहे. पट्टी लावून दोन्ही रेघा सारख्या आहेत हे स्वतः मोजलं तरी एक लांबच दिसते. ज्ञान वरच्या मजल्यावर राहतं, दृष्टीचा कारखाना तळघरात चालतो.

म्हणूनच फोटोवर चिठ्ठी चिकटवायचा उपाय फसला. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर एडिट करून बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं छापावं लागतं. हेतू चांगला होता. पण अशा चिठ्ठ्यांवर जे प्रयोग झाले त्यांत बघणाऱ्यांचं असमाधान काही कमी होईना. उलट "कंबर बारीक केली आहे" अशी नेमकी चिठ्ठी असली की डोळे नेमके कमरेवर जाऊन बसत, हे नजर टिपणाऱ्या उपकरणांनी दाखवून दिलं.

खुराक बदलला की समाजाचा समाज कसा हलतो, हे बघायला फिजी बेटांवरचा अभ्यास आहे. तिथे भरलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घरची खूण. नाड्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही आला. संशोधक ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींच्या दोन तुकड्या तपासल्या, एक टीव्ही आल्या आल्या आणि एक १९९८ मध्ये. खाण्याबद्दलची विकृत धारणा दाखवणारी गुणसंख्या १२.७ टक्के मुलींत होती, ती २९.२ टक्क्यांवर गेली. वजन ताब्यात ठेवायला मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली पहिल्या वेळी एकही नव्हत्या, दुसऱ्या वेळी ११.३ टक्के निघाल्या. दोन्ही तुकड्या साठ-पासष्ट मुलींच्या, त्यामुळे आकडे बेतानेच घ्यावेत, पण दिशा स्पष्ट आहे.

आता कुणी म्हणेल, सगळं डोपामिन या मेंदूतल्या रसायनामुळे होतं. प्रत्येक लाइकला मेंदूत डोपामिनचा पूर येतो, असं सांगणारे वक्ते हल्ली प्रत्येक शाळेत येऊन जातात. डोपामिन भाकरीचा वास आला तरी हलतं. नुसतं ते नाव घेतल्याने काही उलगडत नाही. आणि घरातल्या जुन्या भोंदूगिरीचं काय? गर्भारपणी केशर-दूध पाजलं की बाळ गोरं, तान्ह्याचं नाक रोज तेल लावून ओढलं की सरळ! त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्याकाळ्या सगळ्यांत साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कसलं मेलॅनिन बनवतात यात, आणि ते जनुकं ठरवतात. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांचं ऊन सोसणाऱ्या गावाने मेलॅनिनचे आभार मानायला हवेत. पण ज्या घरात पोरीच्या जन्माआधीपासून रंगाची चर्चा चालू असते, तिथे फिल्टरला एकट्याला शिव्या देण्यात काय हशील?

मग शाळेत शिकवायचं काय? माझ्या मते सांगणं कमी करावं आणि मोजायला लावावं.

आठवीच्या एका वर्गात मी पोरांना दोनदोनच्या जोड्या करायला लावल्या, प्रत्येक जोडीला एक फोन आणि एक मोजपट्टी. एक फोटो नाकापासून ३० सेंटिमीटरवरून, दुसरा दीड मीटरवरून झूम करून, चेहरा दोन्हींत सारखाच मोठा दिसेल असा. मग पडद्यावर पट्टी ठेवून नाकाची रुंदी भागिले चेहऱ्याची रुंदी. पाच मिनिटांत वर्गात गलका. "सर, ह्यात माझं नाक बटाटा झालंय की!" एक मुलगी काहीच बोलली नाही, पट्टी पुन्हा पुन्हा लावून बघत होती.

गणित दहावीच्या समरूपतेचं आहे, पण आठवीलाही समजतं. कान आणि गालाची कड नाकाच्या शेंड्यापासून साधारण १२ सेंटिमीटर मागे असतात. कॅमेरा ३० सेंटिमीटरवर असेल तर नाक ३० वर, कड ४२ वर, म्हणजे नाक चेहऱ्याच्या मानाने १.४ पट मोठं उमटतं. दीड मीटरवरून हेच गुणोत्तर १६२ भागिले १५०, म्हणजे १.०८. पहिल्याला दुसऱ्याने भागा, जवळपास १.३ येतं. सेल्फीत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नेमका हाच हिशोब प्रसिद्ध केला, कारण सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागणारे लोक त्यांच्याकडे येऊ लागले होते. लक्षात घ्या, इथे फिल्टर नाही, एडिटिंग नाही. झूमनेही काही होत नाही, फक्त अंतराने होतं. ज्या फोटोला मुलं "खरा" समजतात तोच वाकडा निघतो, आणि हे त्यांना मी सांगितलेलं नसतं, त्यांच्या पट्टीने सांगितलेलं असतं.

शिकवण्याने किती फरक पडतो? हातचं न राखता सांगायचं तर थोडा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात १०१ मुलींवर, साधारण तेरा वर्षांच्या, समाजमाध्यमांच्या साक्षरतेचा तीन तासिकांचा छोटा प्रयोग झाला आणि निकाल छान आले. मग तिथेच ८९२ मुलामुलींवर चार तासिकांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सहा महिन्यांनी मुलींमध्ये खाणं तोडण्याची ओढ आणि उदासीची लक्षणं थोडी कमी दिसली, मुलांमध्ये ते दिसलं नाही. यावरून कुणी साक्षरतेचा उपयोग नाही असं म्हणेल. मला वाटतं, चार तासिका एका बाजूला आणि रोजचा खुराक दुसऱ्या बाजूला असताना एवढं झालं हेच बरंच आहे. खुराकच कमी केला तर काय होतं हेही तपासलंय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १७ ते २५ वयाच्या २२० विद्यार्थ्यांपैकी एका गटाला तीन आठवडे समाजमाध्यमं दिवसाला तासभरच वापरायला सांगितलं, आणि स्वतःच्या रूपाबद्दलचं त्यांचं मत सुधारलं. तिथे कुणी काही शिकवलं नव्हतं.

म्हणून पट्टीच्या प्रयोगानंतरची तासिका फीडची, म्हणजे ॲप आपल्यासमोर आणून टाकत राहतं त्या पोस्ट आणि रीलची. फीड बरंचसं ठरतं ते बघण्याच्या वेळावरून. रील आवडली म्हणून थांबलात की चिडून थांबलात, यंत्राला फरक कळत नाही, त्याला सेकंद कळतात. पोरांना हे सांगितलं की ती ताबडतोब फोन काढून प्रयोग सुरू करतात, "रस नाही" दाबून बघतात, दोन दिवसांनी काय बदललं याची वही करतात. क्रिकेट, रांगोळी, बाइक दुरुस्ती, तेलुगू विनोद, काहीही भरा. नाना तऱ्हेची माणसं दिसली की शून्याची खूण एका बाजूला ओढली जात नाही.

हे सगळं सातवीतच व्हावं, नववीत उशीर होतो. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या. त्याच काळात मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, ते वाढायचंच असतं. शरीर निसर्गाच्या हिशोबाने एका दिशेला निघालेलं आणि फीड नेमकं उलट्या. त्यात डिसेंबरचं गॅदरिंग येतं. नाचाच्या ड्रेसची मापं घेताना बाई सगळ्यांसमोर कंबर मोठ्याने वाचून दाखवतात, हे मी स्वतः ऐकलंय. टेप लावायचीच असेल तर आकडा मनात वाचून कागदावर लिहिता येतो.